घर रिकामं आहे, पण भाड्याने मिळत नाही: नाशिकमधलं कोडं

जून जवळ आला की नाशिकमध्ये भाड्याच्या घराची शोधाशोध एकदम वाढते. कॉलेजला प्रवेश घेतलेली मुलं, अंबड-सातपूरच्या कंपन्यांत नव्याने लागलेले कामगार आणि इंजिनिअर, मुलांच्या शाळेजवळ राहायला येऊ पाहणारी कुटुंबं, सगळे एकाच महिन्यात घर शोधत असतात. त्यात सिंहस्थ तोंडावर आलेला. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण आणि २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान अशा तारखा जाहीर झाल्यापासून "आता कुंभ होऊन जाऊ द्या, मग बघू" असं म्हणणारे मालकही भेटू लागलेत.

पण संध्याकाळी पाथर्डी फाट्यावर, इंदिरानगरात किंवा गंगापूर रोडच्या आतल्या गल्ल्यांत फिरून या. नव्या इमारतींमधल्या कितीतरी खिडक्यांत दिवा नसतो. फ्लॅट विकले गेलेले आहेत, मालक आहेत, राहायला मात्र कोणी नाही. मग एकीकडे बंद घरं आणि दुसरीकडे घरासाठी वणवण करणारी माणसं, हे एकाच शहरात कसं काय?

कांदा चाळीत आहे, बाजारात नाही

नाशिककरांना हे कांद्यावरून चटकन समजेल. एखाद्या आठवड्यात लासलगावला आवक घटते आणि भाव चढतो. कांदा संपलेला नसतो. तो गावोगावच्या चाळींत, म्हणजे कांदा साठवायच्या शेडमध्ये, पडून असतो, कारण आज विकण्यापेक्षा थांबलेलं बरं असं शेतकऱ्याला वाटत असतं. भाव ठरतो बाजार समितीत आलेल्या ट्रॅक्टरांवर. घरांचंही असंच आहे. शहरात एकूण घरं किती यावर भाडं ठरत नाही, त्यातली किती भाड्यासाठी बाहेर आली यावर ठरतं. फरक इतकाच की कांदा सडतो, म्हणून कधीतरी बाहेर काढावाच लागतो. फ्लॅटला कुलूप लावून दहा वर्षं ठेवता येतं.

हे फक्त नाशिकचं नाही. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरांमध्ये १ कोटी १० लाखांच्या आसपास घरं रिकामी आढळली होती आणि अशा घरांत महाराष्ट्र सगळ्यात पुढे होता, सुमारे २० लाख. केंद्र सरकारच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीत आणखी एक आकडा आहे: शहरी घरांमध्ये भाड्याच्या घरांचा वाटा १९६१ मध्ये ५४ टक्के होता, तो २०११ मध्ये २८ टक्क्यांवर आला. म्हणजे आपल्या आजोबांच्या काळात शहरात येणाऱ्या माणसाला भाड्याची खोली हा सरळ रस्ता होता. आज तोच रस्ता अरुंद झालाय.

बाहेर येणाऱ्या घरांचा आकारही गरजेशी जुळत नाही. बिल्डर बांधतो ते विकायला, त्यामुळे दोन आणि तीन बेडरूमचे फ्लॅट जास्त. अंबडला पहिल्या पाळीला जाणाऱ्या मुलाला हवी असते एक खोली आणि मोरी. ही गरज नाशिकमध्ये मुख्यतः सिडकोने, म्हणजे घरं बांधणाऱ्या सरकारी महामंडळाने, भागवली. सिडकोच्या सहा योजनांमधल्या छोट्या घरांवर लोकांनी वर एक-दोन मजले चढवले, खाली स्वतः राहिले आणि वरच्या खोल्या भाड्याने दिल्या. पवननगर, उत्तमनगर, त्रिमूर्ती चौकाच्या परिसरातल्या अशा खोल्यांनी कारखान्यांना माणसं पुरवली, असं मी म्हणेन. शहराच्या घरांविषयीच्या चर्चेत या खोल्यांचं नाव क्वचितच निघतं, याचं वाईट वाटतं.

मालक घर बंद का ठेवतो?

एक उदाहरण घेऊ. समजा पाथर्डी फाट्याजवळ ४५ लाखांचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे आणि महिन्याला १४,००० रुपये भाडं मिळतं. वर्षाचे झाले १,६८,०००. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स १८,००० गेला, घरपट्टी ५,००० धरा, दोन भाडेकरूंच्या मध्ये एक महिना घर रिकामं राहिलं तर १४,००० गेले, रंगकाम आणि नळदुरुस्तीला १०,०००. हातात राहिले १,२१,०००. म्हणजे ४५ लाखांवर वर्षाला पावणेतीन टक्क्यांच्या आत. तेवढीच रक्कम बँकेत साडेसहा टक्क्यांच्या ठेवीत असती तर २,९२,५०० रुपये आले असते.

मालकाने फ्लॅट घेतला तो किंमत वाढेल म्हणून किंवा मुलगा परत आला तर राहील म्हणून. भाडं त्याच्यासाठी वरकड आहे. आता या वरकड लाखभरासाठी त्याला वाटणारी भीती केवढी आहे बघा: भाडेकरू घर सोडणार नाही, कोर्टात वर्षं जातील, शेजारी तक्रारी करतील. मिळकत छोटी आणि भीती मोठी असली की कुलूप लावणं हाच शहाणपणा वाटतो.

काही मालक आयकराच्या धास्तीनेही भाडं कागदावर आणायला कचरतात. त्यांनी एक गोष्ट बघावी. घरभाड्याच्या उत्पन्नातून भरलेली घरपट्टी वजा होते आणि उरलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. शिवाय नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंत एकूण उत्पन्न असणाऱ्याला सवलतीमुळे कर बसत नाही. पेन्शन आणि एका फ्लॅटचं भाडं एवढंच असलेल्या बहुतेक निवृत्त माणसांनी या कारणासाठी व्यवहार लपवण्याची काही गरज नाही.

"पूर्ण नाव काय म्हणालात?"

भीती मोठी असते आणि समोरच्या माणसाची माहिती शून्य. अशा वेळी मालक खुणांवर निर्णय घेतो. फोनवरचा संवाद घर शोधणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचा आहे. "फॅमिली आहे का?" "नॉनव्हेज खाता का?" "मूळचे कुठले?" आणि मग सहज विचारल्यासारखं, "पूर्ण नाव काय म्हणालात?" आडनाव सांगितलं की पलीकडे क्षणभर शांतता. "बरं, मी मिस्टरांना विचारून कळवते." तो फोन परत येत नाही.

दलित, मुसलमान, एकटी राहणारी बाई, नवरा नसलेली आई, नोकरीवाले अविवाहित मुलगे, यांच्यासाठी शहरातली मोकळी घरं आधीच निम्म्याने कमी होतात. दलालही मग वेळ वाचवायला त्यांना ठरावीक वस्त्यांमधलीच घरं दाखवतो आणि शहराचे कप्पे अधिक घट्ट होतात.

यावर नेहमीचा आक्षेप: "घर माझं आहे, कोणाला द्यायचं ते मी ठरवणार." कायद्याच्या अंगाने पाहिलं तर मालकाला बरीच मोकळीक आहे. भेदभावाविरुद्धचं संविधानाचं कलम १५ मुख्यतः सरकारला बांधतं. एका समाजापुरतं सभासदत्व ठेवणारी सहकारी सोसायटी सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये वैध ठरवली होती. तरीही मी स्पष्टच म्हणतो, आडनावावरून घर नाकारणं हा अन्याय आहे. आणि मालकाच्या स्वार्थाच्या नजरेनेही तो चुकीचा निकष आहे. भाडं वेळेवर येईल का, हे आडनाव सांगत नाही. पगाराची स्लिप सांगते, कंपनीचं ओळखपत्र सांगतं, आणि आधीच्या घरमालकाला केलेला एक फोन सगळ्यात जास्त सांगतो. भाडेकरूंनीही ही तयारी ठेवावी. जुन्या मालकाचा नंबर त्यांना विचारून स्वतःहून पुढे करावा. "काका, यांच्याशी बोलून घ्या, मी तीन वर्षं तिथे होतो," या एका वाक्याने अनेकदा दार उघडतं.

लीव्ह अँड लायसन्स म्हणजे नेमकं काय?

मालकाची मुख्य भीती, घर परत न मिळण्याची, ती कुठून आली? जुन्या नाशिकमधून चालत जा. दहीपूल, तांबट लेन, सराफ बाजाराच्या आसपासच्या वाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले भाडेकरू होते आणि आहेत. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी जवळपास गोठवली आणि भाडेकरूला काढणं फार अवघड केलं. फाळणी आणि टंचाईच्या त्या काळात गरिबाच्या डोक्यावरचं छप्पर वाचवणं गरजेचंच होतं. पण पुढे भाडं इतकं नगण्य उरलं की मालकाने दुरुस्ती सोडून दिली, भाडेकरूला ती परवडेना. आज पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा लावते तेव्हा त्यामागे हाही इतिहास असतो. आपल्या वडिलांच्या वाड्याची ही गत पाहिलेला माणूस स्वतःचा फ्लॅट भाड्याने देताना दहा वेळा विचार करतो.

आता मात्र बहुतेक घरं त्या पद्धतीने दिलीच जात नाहीत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे आणि आज घर दिलं जातं ते 'लीव्ह अँड लायसन्स'वर. भाडेपट्ट्यात भाडेकरूला जागेत कायदेशीर हक्क मिळतो. लायसन्समध्ये ठरावीक मुदतीपुरती वापरण्याची फक्त परवानगी मिळते, कायदेशीर ताबा मालकाकडेच राहतो. मुदत संपली की परवानगी संपली.

संपूनही कोणी हललं नाही तर? या कायद्याच्या कलम २४ मध्ये त्याची सोय आहे. मालक नेहमीच्या दिवाणी दाव्याऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे सरकारने यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करू शकतो. लेखी करारात जे लिहिलंय तो त्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला जातो. आणि मुदतीनंतर जितके दिवस जागा अडवली तितक्या दिवसांचं भाडं दुपटीने द्यावं लागतं. प्रत्यक्षात या अर्जांनाही वेळ लागतो, हे मान्य. पण वाड्यांच्या खटल्यांसारखी आयुष्यं त्यात जात नाहीत. ज्या भीतीने हजारो दारांना कुलूप आहे, तिच्यावर पंचवीस वर्षांपासून कायद्यात इलाज आहे आणि मालकांना तो माहीतच नाही. माझ्या मते नाशिकच्या भाड्याच्या घरांची अर्धी गाठ इथे आहे.

"पण बारा वर्षं राहिला की घर त्याचं होतं ना?"

होत नाही. ही समजूत मुदतीच्या कायद्यातून, म्हणजे १९६३ च्या लिमिटेशन अ‍ॅक्टमधून आली. दुसऱ्याच्या जागेत त्याच्या हक्काला उघड विरोध करून, मालक म्हणून बारा वर्षं ताबा ठेवला आणि खऱ्या मालकाने काहीच केलं नाही, तर त्याचा दावा मुदतबाह्य होऊ शकतो. जो माणूस तुमच्या परवानगीने राहतो आणि दर महिन्याला तुम्हाला भाडं देतो, तो तुमची मालकी रोज मान्य करत असतो. करार असेल आणि भाडं बँकेतून येत असेल तर त्याचा पुरावा आपोआप तयार होतो.

"अकरा महिन्यांचा केला की नोंदणी लागत नाही"

हाही गैरसमज, आणि शिकलेल्या लोकांतही घट्ट रुजलेला. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे, त्यातून देशभर अकरा महिन्यांची पद्धत पडली. महाराष्ट्रात मात्र १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ सांगतं की करार कितीही मुदतीचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे.

खर्चाची भीतीही अवास्तव आहे. मुद्रांक शुल्क पूर्ण मुदतीच्या भाड्यावर आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवरच्या वार्षिक १० टक्के व्याजावर मिळून ०.२५ टक्के लागतं. १४,००० भाडं, ४०,००० डिपॉझिट आणि ११ महिने, तर ते होतं साधारण चारशे रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये, त्यावर थोडं हाताळणी शुल्क आणि एजंटकडून करून घेतलं तर त्याची फी. नोंदणी ऑनलाइन होते. एजंट घरी येतो, टेबलावर लॅपटॉप आणि अंगठ्याचं छोटं यंत्र मांडतो, दोन्ही बाजूंचे आणि साक्षीदारांचे आधार जुळवून फोटो घेतो. काही दिवसांत मंजूर झालेला करार मोबाइलवर येतो.

मुदत अकराच महिन्यांची हवी असंही नाही. लायसन्स ६० महिन्यांपर्यंत करता येतं. ओळख पटलेल्या भाडेकरूशी ३६ महिन्यांचा करार करून दरवर्षीची वाढ त्यातच लिहिली, तर दोघांचाही दर वर्षीचा खर्च आणि मनस्ताप वाचतो. दलालीही वाचते, त्यामुळे हा सल्ला दलालाकडून सहसा मिळणार नाही.

"सरकारने भाड्यावर मर्यादा का घालू नये?"

पगाराचा तिसरा हिस्सा भाड्यात जाणाऱ्या माणसाने हा प्रश्न विचारणं अगदी रास्त आहे. पण भाडं कायमचं बांधून टाकल्याचा अनुभव आपल्या वाड्यांनी घेतलेला आहे. आत असलेल्याचं भलं होतं, बाहेरून येणाऱ्याला घर मिळतच नाही, कारण नवीन घरं भाड्याला निघत नाहीत. जास्त उपयोगी पडेल ते बंद घरं बाहेर काढणं आणि कामगारांसाठी, मुलींसाठी परवडणारी वसतिगृहं बांधणं.

मोबाइलवर अधूनमधून एक संदेश फिरतो की आता दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही. त्याचं मूळ केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात आहे. राहत्या घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा त्यात खरोखर आहे, पण तो नमुना आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही आणि महाराष्ट्रात तो लागू झालेला नाही. मालकासमोर तो संदेश दाखवून उपयोग होणार नाही. डिपॉझिट ठरतं ते बोलून, म्हणून किती दिवसांत परत आणि कशाकशासाठी कापणार, हे करारात लिहून घ्या. किल्ली घेताना भिंती, नळ, गिझर, पंख्यांचे व्हिडिओ काढून त्याच दिवशी मालकाला पाठवा. सोडताना होणारे बहुतेक वाद रंगकामावरून असतात.

डिपॉझिटबद्दल आणखी एक कळकळीची सूचना. लष्करात आहे, बदली झालीय, घर न बघता टोकन पाठवा, असं सांगणारे फसवे लोक जाहिरातींच्या साइटवर असतात. देवळालीत लष्कर असल्यामुळे आपल्याकडे ते पटकन खरं वाटतं. घर आत जाऊन बघितल्याशिवाय आणि मालकाचं वीजबिल किंवा इंडेक्स टू (घराच्या खरेदीच्या नोंदणीचा उतारा) पाहिल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, पहिले काही तास महत्त्वाचे असतात.

"मालक तयार आहे, सोसायटी नाही म्हणते"

सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार सभासदाला घर भाड्याने देण्यासाठी सोसायटीची परवानगी लागत नाही. आधी कळवावं लागतं आणि नोंदणीकृत कराराची प्रत व पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यावी लागते. भाडेकरू ठेवला म्हणून मालकाकडून घेतलं जाणारं बिनभोगवटा शुल्क २००१ च्या शासन आदेशाने सेवा शुल्काच्या १० टक्क्यांवर बांधलेलं आहे. सेवा शुल्क महिन्याला १,२०० असेल तर जास्तीत जास्त १२० रुपये. "बॅचलरना बंदी" असा ठराव करून हजारो रुपये दंड लावणाऱ्या कमिट्यांना मालकाने हे लेखी विचारावं. नाशिकमध्ये बऱ्याच इमारती सोसायटी नसून १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली आहेत. तिथे हा आदेश थेट लागू पडत नाही, डीडसोबतचे, म्हणजे इमारतीच्या घोषणापत्रासोबतचे, उपविधी वाचावे लागतात.

सिंहस्थात मला बाहेर काढतील का?

ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये पंचवटी, तपोवन, नाशिकरोडकडच्या घरांना दिवसाच्या भाड्याने मागणी येणार, हे उघड आहे. काही मालकांना ते खुणावेल. तुमचं संरक्षण करारातल्या एका कलमात आहे, त्याला लॉक-इन म्हणतात: अमुक महिने कोणीही करार मोडायचा नाही. लॉक-इन फक्त भाडेकरूवर आहे की दोघांवर, हे नीट वाचा. छापील मसुद्यांत बरेचदा ते एकतर्फी असतं. करार जुलै २०२७ ला संपत असेल, तर आताच तो सप्टेंबरच्या पुढे नेऊन घ्या. घरात दहावी-बारावीचं मूल असेल तर हे काम पुढच्या आठवड्यावर ढकलू नका.

मालक नोंदणीला तयारच नसेल तर?

"आपला विश्वास आहे ना, कशाला कागद?" असं म्हणणाऱ्या मालकाला कलम ५५ चा उरलेला भाग शांतपणे दाखवा. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. ती केली नाही तर शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आणि नोंदणीकृत करार नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. कागद टाळून आपण सुरक्षित झालो असं ज्या मालकाला वाटतं, त्याची बाजू कायद्यापुढे सगळ्यात कमकुवत असते. हे नीट सांगितलं की बहुतेक काका-काकू पुढचा प्रश्न विचारतात, "मग तो एजंट घरी कधी येईल?"